पिवळा की हिरवा

परीक्षानळीत पाच मिली पाणी घ्यायचं, त्यात दोन बाटल्यांमधले आठ-आठ थेंब टाकायचे, नळी हलवायची आणि पाच मिनिटं थांबायचं. मग खिडकीशी जाऊन नळीमागे पांढरा कागद धरायचा आणि बाबांना हाक मारायची. गेले सहा आठवडे आमच्या घरातली सकाळ अशी उजाडली.

रंग पिवळा आला तर पाण्यात ॲमोनिया नाही. हिरवा आला तर आहे, आणि जितका गडद तितका जास्त. ऐकायला सोपं वाटतं. पण पिवळा कुठे संपतो आणि हिरवा कुठे सुरू होतो, हे मला नेमकं सांगता येत नाही. पोपटीपाशी मी अडखळते. बाबांना येतं. गेल्या वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. पिवळसर पडलेलं जुनं भिंग निघालं, नवं स्वच्छ भिंग बसलं, आणि पट्टी सुटल्यावर ते घरभर फिरून भिंती, पडदे, पुस्तकांचे कणे बघत राहिले. निळा रंग तर ते विसरूनच गेले होते म्हणे. तेव्हापासून रंगाचा निवाडा त्यांच्याकडे.

"हिरवटच आहे अजून."

"एक लिहू का, बाबा?"

"एक नको. अर्धा आणि एक यांच्या मधला आहे. थांब, मी लिहितो."

आणि ते वही पुढे ओढून घेत. आखीव पानांची वही, त्यात पट्टीने पाडलेले रकाने: तारीख, तापमान, खारटपणा, ॲमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, अल्कलिनिटी म्हणजे पाण्याची आम्ल जिरवायची ताकद. शेवटी शेरा. पहिल्या पानावर त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, "समुद्री टाकी". खरं तर त्या टाकीत तेव्हा समुद्रातलं म्हणावं असं काहीच नव्हतं. तीन फूट लांब काच, दोनशे लिटर खारं पाणी, पांढरी वाळू, कोरडे सच्छिद्र दगड, हीटर आणि पाणी ढवळणारे दोन पंप. घरी येणारा प्रत्येक जण वाकून आत बघायचा आणि विचारायचा, "मासे कुठे गेले?"

ही माझी दुसरी टाकी. पहिलीबद्दल मी फारसं बोलत नाही, पण इथे ते टाळून पुढे जाता येणार नाही.

नऊ वर्षांपूर्वी मी अशीच एक टाकी लावली होती. पाणी भरलं, मीठ विरघळवलं, दोन दिवस फिल्टर चालवला. पाणी इतकं नितळ झालं की मागची भिंत दिसावी. मासे विकणारा म्हणाला, पाणी नितळ झालं की सोडून द्या. मलाही तेच ऐकायचं होतं. मी दोन क्लाउनफिश घरी आणले. केशरी अंगावर तीन पांढरे पट्टे, पट्ट्यांना काळी किनार. पहिले तीन दिवस दोघं खात होते, एकमेकांच्या मागे फिरत होते. चौथ्या दिवशी संध्याकाळी धाकटा पृष्ठभागाशी गेला आणि तिथेच राहिला. तोंड उघडं, आणि कल्ल्यांवरची झाकणं इतक्या वेगाने उघडमीट करत होती की मोजता येईनात. पाणी तेव्हाही नितळच होतं. त्याला अशक्तपणा आला असेल असं समजून मी थोडं जास्तीचं खाद्य टाकलं. सकाळी दोघंही तळाशी पडलेले होते.

ते जास्तीचं खाद्य मी विसरू शकत नाही. मासा ॲमोनिया बाहेर टाकतो तो मुख्यतः कल्ल्यांवाटे, श्वास चालू असताना, सतत. उरलेलं खाद्य आणि विष्ठा कुजली की त्यातूनही ॲमोनियाच निघतो. खुल्या समुद्रात तो क्षणात पांगतो आणि त्याच्यावर जगणारे जीव तो टिपून घेतात. माझ्या टाकीत टिपणारं कोणी नव्हतं. मासे स्वतःच्याच श्वासात गुदमरत होते आणि मी त्यांच्या पाण्यात आणखी विष कालवत होते, वरून मनात ही समजूत की मी काळजी घेतेय. टाकी आवरून ठेवली. पुन्हा लावायचा विचार करायला बरीच वर्षं गेली, आणि या वेळी सुरुवात मी पुस्तकांनी, मग वहीने केली.

पाण्यापासून सांगते. नळाचं पाणी चालत नाही. त्यात क्लोरीन किंवा क्लोरामाइन असतं, फॉस्फेट असतं, सिलिकेट असतं, आणि तांब्याचा अंश असू शकतो. आपल्याला पिण्यात काही त्रास होणार नाही इतकं तांबंही कोळंबी आणि गोगलगायींच्या जिवावर उठतं. म्हणून आरओ आणि त्यापुढे उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनमधून गाळलेलं, विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य दाखवणारं पाणी घ्यायचं आणि त्यात समुद्री टाकीसाठी बनवलेलं मीठ घालायचं. नेहमी पाण्यात मीठ, मिठात पाणी कधीच नाही. उलटं केलं तर तळाशी क्षणभर इतकं तीव्र द्रावण तयार होतं की त्यातलं कॅल्शियम कार्बोनेट होऊन पांढऱ्या भुकटीच्या रूपात बाहेर पडतं, आणि ते मग परत विरघळत नाही.

मीठ विरघळताना बघण्यासारखं असतं. आधी पाणी पांढरंफटक होतं, हात बुडवला तर मनगट दिसत नाही. मग हळूहळू ढग विरतो आणि पिंपाच्या मध्यभागी पाणी थरथरायला लागतं, उन्हात तापलेल्या रस्त्यावर हवा थरथरते तसं. दाट पाण्याचे पदर पातळ पाण्यातून वाट काढत असतात, प्रत्येक पदर उजेडाला वेगळा वाकवतो, म्हणून ती थरथर. पंप चालू ठेवून एक रात्र गेली की ती थांबते, आणि मग समजायचं की सगळं एकजीव झालं. दोनशे लिटरला सात किलोंपेक्षा थोडं जास्त मीठ लागलं. लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे समुद्राइतकंच.

समुद्राचं हे मीठ म्हणजे फक्त सोडियम आणि क्लोराइड नव्हे. त्यात सल्फेट आहे, मॅग्नेशियम आहे, कॅल्शियम, पोटॅशियम, आणि अगदी कणभर इतर बरंच काही. तरी वहीत खारटपणाचा रकाना एकच. एवढ्याने कसं भागतं, असं बाबांनी पहिल्याच दिवशी विचारलं, आणि त्याचं उत्तर मला फार आवडतं. १८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' नावाचं ब्रिटिश जहाज जगभरच्या महासागरांवर फिरून पाण्याचे नमुने घेऊन आलं. विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने त्यातल्या ७७ नमुन्यांचं पृथक्करण केलं आणि १८८४ मध्ये निष्कर्ष मांडले. कुठे पाणी जास्त खारट, कुठे कमी, पण मुख्य घटकांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण सगळीकडे जवळजवळ सारखंच. म्हणून एक आकडा कळला की बाकीच्यांचा अंदाज येतो. बाबांनी हे ऐकून घेतलं, उजेड किती वाकतो त्यावरून खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर उजेडाकडे धरला, आणि खारटपणाच्या रकान्यात १.०२५ लिहिलं, म्हणजे शुद्ध पाण्याच्या तुलनेतली घनता. आधी ते यंत्र ३५ च्या प्रमाणित द्रावणाने जुळवून घेतलं होतं. नुसत्या शुद्ध पाण्याने जुळवलेलं रिफ्रॅक्टोमीटर वरच्या टोकाला फसवू शकतं.

पाणी तयार झालं, म्हणजे नऊ वर्षांपूर्वी मी जिथे थांबले होते तिथवर आलो.

खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारे पुढच्या टप्प्याला टाकी 'सायकल करणं' म्हणतात. नायट्रोजनचं चक्र टाकीत सुरू करून द्यायचं. त्यासाठी आधी ॲमोनिया हवा, कारण ज्यांना बोलवायचं आहे त्यांचं अन्न तेच. काही जण त्यासाठी काटक मासे सोडतात, ते जगले तर जगले. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते वर लिहून झालंय. मी अमोनियम क्लोराइडचं द्रावण वापरलं. पाण्यात २ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत दोन भाग, होईल इतकं मोजून टाकलं, बाटलीतून मिळणारे जीवाणूही टाकले, दिवे बंद ठेवले, हीटर २६ अंशांवर लावला. पहिल्या दिवसाच्या शेऱ्यात बाबांनी लिहिलं: "खाद्य घातले. खाणारे कोणी दिसत नाही."

खाणारे दिसणारच नाहीत. जमिनीत आणि पाण्यात ॲमोनियाचं नायट्रेट होतं आणि ते सजीवच करतात, एवढं एकोणिसाव्या शतकातल्या शास्त्रज्ञांना कळलं होतं, पण तो सजीव काही हाती लागत नव्हता. जीवाणू वाढवायचे ते जिलेटिनवर, आणि जिलेटिनवर हे वाढायलाच तयार नव्हते. १८९० च्या सुमारास झुरिकमध्ये सर्गेई विनोग्राद्स्की यांनी ओळखलं की यांना सेंद्रिय अन्न नकोच आहे. त्यांनी सिलिकाची जेली केली, तिच्यात फक्त क्षार घातले, आणि त्या उपाशी भासणाऱ्या जेलीवर हे जीव वाढले. ते उजेडावर जगत नाहीत, कोणाला खात नाहीत. ॲमोनियाला ऑक्सिजन जोडताना जी चिमूटभर ऊर्जा सुटते तिच्यावर भागवतात, आणि कार्बन डायऑक्साइडपासून आपलं शरीर बांधतात. त्यांचं टाकाऊ म्हणजे नायट्राइट. ते दुसऱ्या गटाचं अन्न, आणि त्यांचं टाकाऊ नायट्रेट, जे मासे बऱ्यापैकी सहन करतात.

चिमूटभर मिळकतीवर संसार म्हणून वाढही संथ. पोटातला ई. कोलाय सगळं मनासारखं असेल तर वीस मिनिटांत दुप्पट होतो. यांना त्यासाठी कित्येक तास लागतात, बऱ्याचदा दिवस उलटतो. ते पाण्यात फारसे तरंगत नाहीत, दगडाच्या, वाळूच्या, काचेच्या पृष्ठभागाला चिकटून पातळ थर धरतात. पहिल्या टाकीचं नितळ पाणी मला काहीच सांगू शकत नव्हतं ते यामुळे. जे हवं होतं ते पाण्यात नव्हतंच, दगडावर असायला हवं होतं, आणि दगड कोरा होता.

एक गोष्ट तर मला या सहा आठवड्यांत पुन्हा पुन्हा आठवली. ॲमोनिया पचवणारे सगळे जीवाणूच असतात, असं शंभरेक वर्षं मानलं जात होतं. मग २००५ मध्ये एक अगदी वेगळा सूक्ष्मजीव एकट्याने वाढवून दाखवला गेला. तो जीवाणू नव्हता, आर्किया नावाच्या निराळ्याच कुळातला होता. नाव नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस. लांबी एका मायक्रॉनहून कमी, म्हणजे एका मिलिमीटरच्या रांगेत हजारावर बसतील. पुढे लक्षात आलं की त्याचे नातलग महासागरात अफाट संख्येने आहेत, जगातल्या सर्वांत मुबलक सजीवांपैकी आहेत. आणि पहिला सापडला कुठे? सिएटलच्या सार्वजनिक मत्स्यालयातल्या एका समुद्री टाकीच्या तळच्या खड्यांत. लोक काचेला नाक लावून रंगीत मासे बघत होते, आणि त्या माशांच्या पोटाखाली हा बसून होता.

दहा दिवस काहीच झालं नाही. रोज हिरवा. रोज २. बाबांनी शेऱ्याच्या रकान्यात खाडाखोड न करता दहा वेळा "बदल नाही" लिहिलं. वरचं "बदल नाही" पाहून खाली दोन बारीक रेघा ओढण्याची सोय होती, पण त्यांनी ती घेतली नाही. आज पाहिलं म्हणून आज लिहिलं, असं त्यांचं म्हणणं. रोज एक-दीड लिटर पाणी वाफ होऊन जायचं. वाफेबरोबर मीठ जात नाही, म्हणून भर घालायची ती बिनमिठाच्या पाण्याची. काचेवर चिकटपट्टीची खूण केली होती, त्या खुणेपर्यंत भांड्याने सावकाश पाणी ओतायचं काम त्यांनी आपणहून घेतलं.

पंपांचा एकसुरी आवाज रात्रंदिवस चालू असायचा. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला साडेचार मिलिग्रॅमहून जास्त ऑक्सिजन लागतो, तो पाण्याचा पृष्ठभाग सतत हलता राहिला तरच मिळतो. ते ऐकताना मला एका मुलीची आठवण यायची, जिचं नाव मला माहीत नाही. १८४६ मध्ये ॲना थिन या बाईंनी इंग्लंडच्या टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणलं. पंप नव्हते. म्हणून घरातली एक लहान कामकरी मुलगी उघड्या खिडकीसमोर उभी राहून ते समुद्राचं पाणी अर्धा-पाऊण तास एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहायची, हवा मिसळावी म्हणून. पुढच्या वर्षी ॲनाबाईंनी पाण्यात समुद्री शेवाळ ठेवलं आणि ऑक्सिजनचा भार त्यावर गेला. खाऱ्या पाण्याची टाकी घरात टिकवण्याच्या इतिहासात ॲनाबाईंचं नाव पहिल्या ओळीत येतं. ते यायलाच हवं. पण त्या मुलीच्या हातांनी केलेलं काम आज माझ्याकडे दोन पंप करतात, आणि मला ती रोज आठवली.

अकराव्या सकाळी मी नायट्राइटची नळी धरली. नायट्राइट नसेल तर तिचा रंग आकाशी राहतो. बाबांनी चष्मा वर केला, परत खाली केला.

"यात जांभळी झाक आहे."

मला निळाच दिसत होता. त्यांनी कागद बाजूला केला, पुन्हा मागे धरला. "अगं, आहे. कडेला बघ, वरच्या काठाशी." मग मलाही दिसली. ॲमोनिया अजून दोनच्या आसपास होता, पण कोणीतरी खायला सुरुवात केली होती आणि मागे काहीतरी टाकलं होतं. त्या दिवशीच्या शेऱ्यात फक्त एक शब्द आहे: "आले."

नंतर ॲमोनिया भराभर उतरला. सतराव्या दिवशी पिवळा, शुद्ध पिवळा. मी पुन्हा २ पीपीएम घातला, तो दोन दिवसांत संपला. पण नायट्राइट चढत गेला आणि रंगपट्टीच्या शेवटच्या गडद जांभळ्याच्याही पलीकडे जाऊन बसला. तिथून हलेना. अनुभवी लोक सांगतात की खाऱ्या पाण्यात याला घाबरायचं कारण नाही, आणि ते बरोबर आहे. गोड्या पाण्यात नायट्राइट माशाच्या कल्ल्यांतून आत शिरतो आणि रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद मारतो. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड इतकं असतं की आत शिरण्याच्या त्या वाटेवर त्याचीच गर्दी, नायट्राइटला जागा मिळत नाही. ॲमोनियाचं नेमकं उलट. पाण्यात त्याची दोन रूपं असतात, त्यातलं मुक्त रूप खरं घातक, आणि पीएच वाढला की त्याचा वाटा वाढतो. गोड्या पाण्यात पीएच ७ ला तो अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो, समुद्राच्या ८.२ ला पाच-सहा टक्क्यांच्या घरात जातो. म्हणजे नळीत तोच हिरवा, पण समुद्री माशाला दहापट जाच. माझे मासे त्यानेच गेले.

तेव्हा सतराव्या दिवशी मासे आणता आले असते. मी आणले नाहीत. मला दोन्ही रंग हवे होते, पिवळा आणि निळा. याला कोणी अतिसावधपणा म्हणेल. नऊ वर्षांपूर्वीच्या त्या सकाळनंतर मला तो परवडतो.

पण तीन आठवडे उलटूनही जांभळा हटेना, तेव्हा बाबांनी वहीत बोट ठेवलं ते शेऱ्याआधीच्या रकान्यावर. "ही अल्कलिनिटी बघ. साडेआठ होती. सहावर आलीय. टाकीत तर काहीच नाही, मग खातंय कोण?" मी त्या रकान्याकडे दुर्लक्षच केलं होतं. प्रवाळ नाही, शिंपले नाहीत, कोणाला लागणार आहे, म्हणून. उत्तर त्याच न दिसणाऱ्यांकडे होतं. ॲमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल सुटतं, आणि नायट्रोजनच्या प्रत्येक मिलिग्रॅममागे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने सात मिलिग्रॅमहून थोडी जास्त अल्कलिनिटी खर्ची पडते. मी तोवर तीनदा दोन-दोन पीपीएम घातला होता. बाबांनी समासात गुणाकार मांडला: सहा गुणिले सात, बेचाळीस, आणि अठराने भागून ते आमच्या चाचणीच्या डिग्रीत आणले तर जवळजवळ अडीच. साडेआठातून अडीच गेले, राहिले सहा. हिशेब जुळला तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. सहा आठवड्यांत आम्ही एकाही सूक्ष्मजीवाला पाहिलेलं नाही, पण त्या समासातल्या गुणाकारात त्यांनी किती काम केलं ते अंकांत लिहिलेलं आहे.

सोडियम बायकार्बोनेट विरघळवून अल्कलिनिटी दोन दिवसांत हळूहळू आठवर आणली. चौतिसाव्या दिवशी जांभळा फिका झाला. अडतिसाव्या दिवशी संध्याकाळी मी परत २ पीपीएम ॲमोनिया घातला आणि एकोणचाळिसाव्या दिवशी संध्याकाळी दोन नळ्या शेजारी शेजारी धरल्या. एक पिवळी, एक आकाशी. बाबा बराच वेळ आकाशी नळीकडेच बघत होते. नायट्रेट चाळीसच्या आसपास चढला होता. नायट्राइट असेपर्यंत नायट्रेटच्या चाचणीवर विसंबता येत नाही, ती उगाच जास्त दाखवते, म्हणून तो आकडा त्या दिवशी पहिल्यांदा खरा मानला. अर्ध्याहून जास्त पाणी बदललं.

दिवे लावले तसा पाचव्या दिवशी सगळीकडे तपकिरी धुरळा बसला. वाळूवर, दगडांवर, काचेवर. डायटम्स, म्हणजे एकपेशीय शैवाल. यांची कवचं सिलिकाची असतात, म्हणजे काचेच्याच जातीची, आणि नव्या टाकीत वाळूतून-दगडांतून सुटणारं सिलिकेट त्यांना आयतं मिळतं. ते संपलं की तेही ओसरतात. या काळाला टाकी ठेवणारे कुरूप अवस्था म्हणतात, मला तो शब्द लागू वाटत नाही. पांढरीशुभ्र वाळू ही दुकानातली वाळू होती. तपकिरी झाली तेव्हा पहिल्यांदा तिच्यावर कोणीतरी राहायला आलेलं दिसलं.

मग तो दगड आला. माझ्या एका मित्राकडे पंधरा वर्षं चाललेली टाकी आहे. त्याने सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं, "ॲमोनिया पूर्ण उतरल्याशिवाय माझ्याकडे दगड मागू नकोस. त्यावर राहणारे मरतील." आता त्याने स्वतःहून एक दिला, मुठीएवढा, टाकीच्याच पाण्यात बुडवून. जांभळ्या-गुलाबी शैवालाच्या कडक पापुद्र्याने अर्धा माखलेला. आत ठेवला तेव्हा तो दगडच दिसत होता.

रात्री दिवे बंद झाल्यावर दोन तासांनी आम्ही टॉर्चला लाल कागद लावून समोर बसलो. लाल उजेडाचा यांतल्या बऱ्याच जणांना पत्ता लागत नाही. बाबांच्या हातात त्यांचं वाचायचं भिंग. पहिली पाच मिनिटं काही नाही. मग दगडावरच्या ज्या पांढऱ्या ठिपक्यांना आम्ही चुन्याचे डाग समजत होतो, त्यातल्या एकातून काहीतरी बाहेर आलं. टाचणीच्या डोक्याएवढं वेटोळं, शंखासारखं, आणि त्याच्या तोंडातून उमललेला पारदर्शक पिसांचा तुरा, पापणीच्या केसाहून बारीक. एक उमलला, मग शेजारचा, मग पाच-सहा. पंपाची लाट आली की सगळे एकदम डोलायचे. मी काचेला बोट लावलं तर सगळे एकाच क्षणी मिटले. पुन्हा उमलायला पहिल्याने जेवढा वेळ घेतला तेवढा बाकीच्यांनी नाही घेतला, हे बाबांच्या लक्षात आलं, माझ्या नाही.

दगडाखालच्या फटीतून एक कुसाळ अळी निघाली, दोन्ही अंगांना पांढऱ्या केसांच्या झुबक्यांची रांग. ती वाळूवरचा तपकिरी धुरळा हुंगत, म्हणजे मला तसं वाटलं, सरकत राहिली, आणि शेपटाचं टोक शेवटपर्यंत फटीतच ठेवलं. घरचा उंबरा सोडायला तयार नव्हती. एक इवलासा झिंग्यासारखा ॲम्फिपॉड कुशीवर पडल्यासारखा पोहत कोऱ्या दगडांकडे गेला, तिथल्या एका भोकात शिरला आणि परत आला नाही. काचेवर पांढरे ठिपके झटके देत सरकत होते, ते कोपेपॉड, झिंग्याच्याच गोतावळ्यातले सूक्ष्म जीव. आम्ही बसलो होतो तेवढ्यात रात्रीचे साडेबारा झाले.

"हे सगळे त्या मुठीएवढ्या दगडावर?" बाबा हळू आवाजात म्हणाले, जणू आवाजाने कोणी जागं होईल.

"आणि जे दिसत नाहीत ते वेगळे."

"ते तर आहेतच," ते म्हणाले. "ते वहीत आहेत."

पंचेचाळिसाव्या दिवशी मासे आले. दोन क्लाउनफिश, माणसाच्या देखरेखीत जन्मलेले, समुद्रातून पकडलेले नव्हेत. सागरी शोभेच्या माशांच्या बहुतेक जाती अजूनही समुद्रातूनच येतात. क्लाउनफिश टाकीत वाढवता येतो, आणि हा पर्याय हाताशी असताना दुसरा घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. मित्राने त्यांना महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवून बघितलं होतं, अंगावर पांढरे ठिपके नाहीत, खाणं व्यवस्थित. एक जरा मोठा, एक लहान. मोठा पुढे मादी होईल, लहान नर राहील. यांच्यात सगळे नर म्हणूनच सुरुवात करतात.

बारीक नळीला गाठ मारून आमच्या टाकीचं पाणी त्यांच्या डब्यात थेंब थेंब सोडलं, तासभर. मग जाळीत घेऊन पाण्यात उतरवलं. मोठा सरळ पंपाच्या मागे गेला. लहान मित्राच्या दगडापाशी थांबला, अंग एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर डोलवत. तुरे सगळे मिटलेले होते.

खाद्य मी त्या दिवशी टाकलंच नाही. संध्याकाळी दिवे मंद झाले आणि लहान मासा पृष्ठभागाच्या बाजूला वर गेला. माझ्या पोटात गोळा आला. मी नळी काढली, थेंब टाकले, पाच मिनिटं मोजली. खिडकीबाहेर अंधार होता, म्हणून दिव्याखाली कागद धरला आणि बाबांना हाक मारली. ते आले नाहीत. टाकीसमोर खुर्ची ओढून बसले होते, उजव्या हातात घड्याळ, डावी तर्जनी गुडघ्यावर हळूहळू टेकत-उचलत. मला गप्प राहायची खूण केली. मासा आता वरून खाली आला होता आणि कोपऱ्यात एकाच जागी डोलत होता. मी जवळ जाऊन बघितलं. तोंड मिटलेलं. कल्ल्याचं झाकण उघडत होतं, मिटत होतं.

मिनिट झालं तेव्हा बाबांनी वही घेतली, अल्कलिनिटीनंतर पट्टीने एक नवी रेघ मारली आणि वर लिहिलं, "श्वास". खाली ८४.

"आणि तुझी नळी?" त्यांनी विचारलं. मी ती त्यांच्या हातात दिली.